कंपाउंड धनुष्य घेताय? शिकारीचा नाद सोडा, आधी माप आणि जुळवणी समजून घ्या

मोबाईलवर सध्या एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतात. परदेशातला कोणीतरी गडी झाडावर मचाण बांधून बसलेला असतो, हातात चाकं लावलेलं काळंकुट्ट धनुष्य, खाली हरीण नाहीतर डुक्कर येतं आणि खटकन बाण सुटतो. अलिबाग, मुरूड, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन पट्ट्यात हे बघणाऱ्या पोरांच्या डोक्यात लगेच पुढचा विचार येतो, की आपली नाचणी, रताळी, सुरण आणि पोटरीला आलेलं भात खाणाऱ्या रानडुकरांवर हेच औषध. मग ऑनलाईन शोधाशोध सुरू होते. कोणी हफ्त्यावर घेतं, कोणी मुंबईच्या ओळखीतून जुनं मागवतं.

हे यंत्र वाईट नाही. उलट ह्याच प्रकारच्या धनुष्यावर महाराष्ट्राच्या दोन पोरांनी जग जिंकलं आहे. पण ते कशासाठी घ्यायचं, आपल्या अंगाला कोणतं बसतं आणि घरी आणल्यावर कसं जुळवायचं, हे माहीत नसेल तर पैसे तर जातातच, एखादा डोळाही जाऊ शकतो. आणि शिकारीला वापरलं तर तुरुंगही आहे. म्हणून जरा सविस्तर.

चाकं कशाला?

आपल्या आदिवासी वाड्यांवरचा तिरकमठा सगळ्यांनी पाहिला आहे. बांबूची कामठी, दोरी, आणि जेवढं ओढाल तेवढं ते जड होत जातं. पूर्ण ओढल्यावर सगळ्यात जास्त ताण, म्हणजे नेम धरायच्या वेळीच हात थरथरतो. ऑलिंपिकमध्ये दिसतं ते रिकर्व्ह धनुष्य सुद्धा याच तत्त्वावर चालतं.

कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. ही चाकं विहिरीच्या रहाटासारखी मधोमध बसवलेली नसतात, आस एका बाजूला सरकवलेला असतो. ओढायला सुरुवात केली की आधी जोर लागतो, मध्यावर सगळ्यात जास्त लागतो, आणि शेवटाला चाक फिरून गेलं की ताण एकदम उतरतो. याला लेट-ऑफ म्हणतात. समजा धनुष्य ५० पौंडाचं आहे आणि लेट-ऑफ ८० टक्के आहे. ओढताना एका क्षणी ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो ओढावे लागतात, पण नेम धरून उभं राहताना हातावर फक्त १० पौंड, साडेचार किलो राहतात. म्हणून माणूस शांतपणे नेम धरू शकतो.

ही कल्पना अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या माणसाची. त्याने १९६६ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळालं. त्याला हरणाच्या शिकारीसाठी जलद बाण सोडणारं धनुष्य हवं होतं. म्हणजे जन्म शिकारीसाठीच झाला, हे खरं. पण पुढे ते मैदानावर आलं. १९९५ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, २०१४ पासून आशियाई स्पर्धेत, आणि आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे.

आपल्याकडची नावं

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धा झाली. सातारा जिल्ह्यातल्या शेरेवाडीची अदिती गोपीचंद स्वामी तेव्हा १७ वर्षांची होती. तिने अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिला १४९-१४७ असं हरवलं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पोलंडच्या खेळाडूला १५०-१४९ ने हरवलं. १५० म्हणजे काय, तर १५ बाण आणि पंधराच्या पंधरा दहाच्या वर्तुळात. एकही चुकला नाही. समोरच्याचा एक बाण नऊला लागला, तेवढ्यावर जगज्जेतेपद गेलं. पुढे दोनच महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने वैयक्तिक, मिश्र आणि सांघिक अशी तीन सुवर्णं आणली. अदितीने सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य आणलं. दोघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बुलढाण्याचा प्रथमेश जावकर शांघायच्या विश्वचषकात पहिला आला होता.

सातारा, नागपूर, बुलढाणा. यात रायगड नाही. समुद्र आहे, मोकळी रानं आहेत, पोरांच्या नजरा गलोलीवर तयार झालेल्या आहेत, पण धनुष्य हातात आलं की आपली गाडी डुकराकडेच वळते.

शिकारीचं गणित कायद्यात बसत नाही

डुकरांचा त्रास खोटा आहे असं कोणी म्हणू नये. मी स्वतः शेती करतो. रात्री माळ्यावर बसून डबा वाजवणं काय असतं ते या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. एका रात्रीत कळप येतो आणि वर्षाचं रताळं उकरून जातो. राग येणारच.

पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थही मोठा आहे. मारणं तर झालंच, पण फासे लावणं, सापळा लावणं, विष घालणं आणि नुसता प्रयत्न करणंही शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिबट्यासारखा अनुसूची १ मधला प्राणी असेल, किंवा गुन्हा अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. आपल्या मुरूड-रोहा-अलिबागच्या मध्ये फणसाड अभयारण्य आहे, हे लक्षात असू द्या. एकेकाळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. डुकराला हद्द कळत नाही, पण वनरक्षकाला कळते.

शिवाय गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि वाहन जप्त होतं. म्हणजे हफ्त्यावर घेतलेलं धनुष्य आणि हफ्त्यावर घेतलेली मोटारसायकल, दोन्ही गेलं.

‘डुकराला मारायला परवानगी मिळते’ असं गावात कोणीतरी सांगतं. ते अर्धं खरं आहे. कलम ११ मध्ये तशी तरतूद आहे. प्राणी माणसाच्या जीवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढून, कारणं नोंदवून परवानगी देऊ शकतो. पण तो कागद आधी हातात हवा. मारून झाल्यावर अर्ज करायचा नसतो. आणि तो आदेश म्हणजे रीलवरचं धनुष्य घेऊन चार पोरांनी रात्री रानात शिरायचा परवाना नव्हे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक व्यवहाराची गोष्ट आहे. गोळीचा धक्का बसतो, बाणाचा बसत नाही. बाणाने जनावर मरतं ते रक्तस्राव होऊन. नीट छातीत बसला तरी ते शंभर मीटर धावतं. आपल्याकडच्या करवंदीच्या जाळीत, रात्रीच्या अंधारात, नवशिक्याचा बाण छातीत बसण्याऐवजी मांडीत नाहीतर पोटात बसणार. मग ते जखमी डुक्कर जाळीत पडून राहणार आणि सकाळी फाटी गोळा करायला गेलेल्या बाईवर येणार. हे कोणाच्या घरी घडलं तर नुकसानभरपाई मागायला तोंड राहणार नाही.

पिकाचं नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा आणि दोन-तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत जोडा. उशीर झाला की पंचनामा अडतो. कुंपणाला घरची लाईट जोडण्याचा उद्योग तर कोणीच करू नये, त्यात डुकरापेक्षा माणसं जास्त सापडतात. सौर कुंपणाची मशीन वेगळी असते, ती झटका देते, जीव घेत नाही.

आता शिकार सोडून खेळासाठी, नेमबाजीच्या आवडीसाठी धनुष्य घ्यायचं आहे, असं धरून पुढे जाऊ.

शिकारीचं मॉडेल आणि मैदानाचं मॉडेल

दुकानात किंवा ऑनलाईन दोन जाती दिसतील. हंटिंग म्हणून विकलं जाणारं धनुष्य आखूड असतं. वरच्या चाकाच्या आसापासून खालच्या चाकाच्या आसापर्यंत साधारण २८ ते ३४ इंच. झाडावर बसून वापरायला सोपं जावं म्हणून तसं. त्याचा ताण ६० ते ७० पौंडांपर्यंत जातो आणि अंगावर पानांची नक्षी असते. मैदानी धनुष्य ३६ ते ४० इंच, वजनदार, दिसायला रंगीत, आणि चुकीला जरा माफ करणारं. लांब धनुष्यात हाताची थोडी हालचाल झाली तरी बाण फार भरकटत नाही. आखूड धनुष्यात तीच हालचाल मोठी होऊन निशाणावर दिसते.

स्पर्धेचे नियमही पाहा. कंपाउंडला ताणाची मर्यादा ६० पौंड आहे. पानाफुलांची लष्करी नक्षी असलेलं साहित्य आंतरराष्ट्रीय नियमात चालत नाही. म्हणजे ‘भारी’ म्हणून घेतलेलं ७० पौंडाचं नक्षीवालं धनुष्य घेऊन पोरगं स्पर्धेला गेलं तर तपासणीतच बाहेर. बाणाला लावायची पात्यांची टोकं, ज्यांना ब्रॉडहेड म्हणतात, ती तर विकत घेऊच नका. ती मैदानावर चालत नाहीत, निशाण फाडतात, आणि पिशवीत सापडली तर तुम्ही खेळाडू आहात हे पोलीस किंवा वनखात्याला पटवून देणं अवघड जाईल.

तरीही काही हंटिंग मॉडेलमध्ये एक सोय असते. ताण आणि लांबी दोन्ही बरीच कमी-जास्त करता येते. घरातली दोन भावंडं एकाच धनुष्यावर शिकू शकतात. सरावाला असं धनुष्य वाईट नाही, पण स्पर्धेचा विचार असेल तर आधी प्रशिक्षकाला विचारून मगच पैसे टाका. आंतरराष्ट्रीय दर्जाचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो. बऱ्याच मुलांची सुरुवात बांबू-लाकडाच्या इंडियन राउंड धनुष्यावर होते, ते स्वस्त असतं आणि शालेय स्पर्धेत त्याचा वेगळा गट असतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या प्रमाणपत्रावर. घरामागच्या सरावाचं प्रमाणपत्र कोणी देत नाही. तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करून खेळाच्या मार्गाने जा.

घेण्याआधी चार मापं

पहिलं डोळ्याचं. उजव्या हाताचा माणूस उजव्या डोळ्याचाच असतो असं नाही. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटी फट ठेवा आणि त्यातून लांबच्या माडावरचा एक नारळ पाहा. आता एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने नारळ फटीत तसाच दिसतो तो तुमचा प्रमुख डोळा. डाव्या डोळ्याच्या माणसाने उजव्या हाताचं धनुष्य घेतलं तर आयुष्यभर एक डोळा बांधून नेम धरावा लागेल.

दुसरं लांबीचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा. सुताराच्या टेपने मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचात माप घ्या आणि अडीचने भागा. ६८ इंच आले तर ६८ भागिले २.५, म्हणजे २७.२. तुमची ओढ साधारण २७ इंच. रिकर्व्हमध्ये अर्धा इंच इकडे-तिकडे चालतं. कंपाउंडला चाक एका ठिकाणी येऊन अडतंच, त्याला भिंत म्हणतात. धनुष्य जास्त लांबीचं असलं तर मान मागे जाते, कोपर सरळ अडकतो आणि सुटताना दोरी हाताला सालटून जाते. हातावर काळानिळा पट्टा उठलेला नवशिका दिसला की समजावं, बहुतेक मापच चुकलंय. शंका असेल तर अर्धा इंच कमी घ्या, जास्त नको.

तिसरं ताणाचं. इथे आपली मंडळी हमखास फसतात, कारण ७० पौंड म्हटलं की छाती फुगते. ७० पौंड म्हणजे जवळपास ३२ किलो, तेही एका हाताने, आडवं ओढायचं. परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य समोर छातीच्या उंचीवर धरा आणि सरळ मागे ओढा. आभाळाकडे झटका देऊन ओढावं लागलं तर ताण जास्त आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने २५ ते ३५ पौंडांवर, मोठ्या माणसाने ४० च्या आसपास सुरुवात करावी. भाताची पोती उचलणारा आहे म्हणून ७० ओढेल असं नाही. ही ताकद खांद्याच्या मागच्या स्नायूंची आहे, ती हळूहळू येते. घाई केली तर खांदा कायमचा दुखावतो.

चौथं बाणाचं. बाण धनुष्यावरून सुटताना काठीसारखा सरळ जात नाही, मासळीसारखा वळवळत जातो. किती वळवळेल ते त्याच्या ताठपणावर. बाणावर ५००, ४००, ३४० असे आकडे असतात. २८ इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्ये ८८० ग्रॅम वजन लटकवल्यावर तो किती वाकतो, ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेलं असतं. ५०० म्हणजे अर्धा इंच वाकला. म्हणून आकडा लहान तसा बाण ताठ. जास्त ताणाच्या धनुष्याला ताठ बाण लागतो. बाण विकणाऱ्या कंपन्यांचे तक्ते असतात, त्यात ओढ आणि ताण टाकून आकडा काढायचा. वजनाचाही नियम आहे. प्रत्येक पौंडाला किमान ५ ग्रेन. ५० पौंडाला २५० ग्रेन, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमचा बाण. त्याहून हलका लावला की धनुष्याची ताकद बाणात न जाता धनुष्यालाच मारते.

आणि बाण न लावता दोरी ओढून सोडणं तर कधीच नाही. दुकानात, घरात, मित्राला दाखवताना, कधीच नाही. सगळी ताकद पात्यांवर येते, पाती फुटतात, चाक वाकतं, दोरी तुटून तोंडावर येते. घरी पाहुणे आले की ‘बघू जरा’ म्हणून हात घालणारा एकतरी काका असतोच. त्याच्यापासून धनुष्य लांब ठेवा.

जुनं घेताना

जुनं घ्यायला हरकत नाही, पण तपासून. कापसाचा बोळा पात्यांवरून वर-खाली फिरवा. कुठे कापूस अडकला तर तिथे बारीक चीर आहे, धनुष्य परत द्या. चाकं बाजूने डोळा लावून पाहा, वाकडी नकोत. दोरीचे केस निघालेले असतील तर नवीन दोरीचा खर्च किंमतीत धरा. दोरी दोन-तीन वर्षांत बदलावीच लागते. पात्यावर एक चिकटपट्टी असते, त्यावर ताण, ओढ आणि आसापासून आसापर्यंतची लांबी लिहिलेली असते. टेपने मोजून पडताळा. जुळत नसेल तर दोरी ताणली गेली आहे. आपल्या किनारपट्टीचं धनुष्य असेल तर स्क्रू आणि चाकाच्या आसाजवळचा गंज खास पाहा. खाऱ्या हवेत दारांच्या कड्या टिकत नाहीत, तिथे हे नाजूक काम आहे.

जुळवणी

दोरी काढणं-घालणं हाताने करायचं काम नाही. त्याला बो प्रेस नावाचं यंत्र लागतं, ते पाती दाबून धरतं. यूट्यूब पाहून गुडघ्याखाली दाबून दोरी काढायला जाल तर पाती उसळून जबडा मोडेल. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. बाकीचं एक ॲलन चावीचा संच आणि सबुरी असेल तर घरी होतं.

आधी चाकं. एकाने धनुष्य ओढायचं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून पाहायचं. वरचं आणि खालचं चाक एकाच वेळी भिंतीला लागायला हवं. बाण लावलेला असू द्या आणि समोर निशाण असू द्या, म्हणजे हातातून सुटलं तरी नुकसान नाही. एक चाक आधी आणि दुसरं मागाहून पोचत असेल तर केबलला पीळ द्यावा लागतो, तेही प्रेसवरच.

ताण कमी-जास्त करायचे दोन बोल्ट असतात, वर आणि खाली. दोन्ही सारखेच फिरवायचे, वर एक फेरा तर खाली एक फेरा. कंपनीच्या पुस्तिकेत किती फेरे सैल करता येतात ते लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे गेलात तर पातं निसटतं. बोल्टवर पांढऱ्या मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे आपोआप ढिला झाला तरी कळतो.

मग बाण टेकायचा रेस्ट आणि दोरीवर बाण अडकवायची जागा. दोरीला छोटा दोरा बांधून इंग्रजी डी अक्षरासारखी कडी केलेली असते. बाण लावल्यावर तो दोरीशी काटकोनात असावा, किंवा मागचं टोक अगदी केसभर वर. गुण्याने तपासता येतं, सुताराचा लहान गुण्या चालतो. वरून पाहिलं तर बाण, दोरी आणि धनुष्याचा मध्य एका रेषेत दिसायला हवा.

दोरीत पीप म्हणून एक छोटं भोक असलेली कडी बसवतात, त्यातून नेम पाहायचा. डोळे मिटून धनुष्य ओढा, हात नेहमीच्या जागी जबड्याला टेकवा आणि मग डोळे उघडा. पीप बरोबर डोळ्यासमोर यायला पाहिजे. मान वर-खाली करून शोधावं लागत असेल तर पीप सरकवा, मान नाही.

कंपाउंडची दोरी बोटांनी सोडत नाहीत. रिलीज नावाचं खटका असलेलं साधन असतं, नवशिक्याला मनगटावर पट्टा असलेलं बरं. ओढताना बोट खटक्याच्या मागे ठेवायचं, खटक्यावर नाही. नाहीतर अर्ध्या ओढीतच सुटतं आणि मूठ स्वतःच्याच नाकावर बसते. मूठ आवळून धरायची नाही. धनुष्य अंगठ्याखालच्या मऊ भागावर टेकलेलं असावं, बोटं सैल. पडेल अशी भीती वाटते, म्हणून मनगटाला दोरीची पट्टी बांधतात. कोयता धरल्यासारखं धरलं तर प्रत्येक बाण वेगळ्या बाजूला जातो, आणि माणूस दोष देतो चाकांना.

आता कागदाची चाचणी, ज्याने सगळं उघडं पडतं. लाकडी चौकटीत वर्तमानपत्र ताणून लावा, दोन मीटरवर उभे राहा, मागे मजबूत निशाण ठेवा आणि कागदातून बाण मारा. भोक गोल आणि पिसांच्या तीन खुणा सारख्या असतील तर बाण सरळ चालला आहे. मागचं टोक वर फाडत गेलं असेल तर दोरीवरची जागा खाली घ्या किंवा रेस्ट वर. खाली फाडलं असेल तर उलट. आडवी चीर असेल तर आधी मूठ सैल आहे ना ते तपासा, निम्म्या वेळी दोष तिथेच असतो. तरीही राहिली तर रेस्ट केसभर एका बाजूला सरकवून पुन्हा मारा. चीर वाढली तर दुसऱ्या बाजूला सरकवा. काहीच फरक पडत नसेल तर बाणाचा ताठपणा चुकीचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन स्क्रू एकदम फिरवले की कशाने सुधारलं ते कळत नाही.

नेमाची पिन शेवटी. दहा मीटरवर सुरू करा. तीन बाण मारा, एक नाही, कारण एक बाण तुमची चूक असू शकतो. बाण जिकडे जमले तिकडे पिन न्या. डावीकडे गेले तर पिन डावीकडे, वर गेले तर पिन वर. हे उलटं वाटतं पण असंच आहे. मग वीस, मग तीस मीटर. स्पर्धा ५० मीटरवर आणि ८० सेंटीमीटरच्या कागदी निशाणावर होते, तिथे पोचायला घाई नको.

कुठे मारायचं

चांगल्या कंपाउंडचा बाण तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो. वर तोंड करून सुटला तर तीनशे-चारशे मीटर सहज. आपल्याकडे वाड्या दाट, वाटा आडव्यातिडव्या, माडाच्या बागेत कोण कुठून येईल सांगता येत नाही. म्हणून मागे उंच मातीचा धस किंवा खाणीची भिंत असल्याशिवाय सराव करू नका. भाताच्या पेंढ्याच्या जुड्या घट्ट आवळून बांधल्या तर बरं निशाण होतं, पण दोन थर हवेत, आणि रोज त्याच जागी मारून पोकळ झालं की बाण आरपार जातो. समुद्राच्या पुळणीवर मारायचा मोह होतो, पण वाळूत घुसलेला बाण पुन्हा सापडत नाही आणि अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायाला सापडतो.

कार्बनचा बाण प्रत्येक वेळी मारण्याआधी दोन्ही टोकांना धरून कानाजवळ थोडा वाकवा. करकर आवाज आला तर मोडून टाका. चिरलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या काचेसारख्या सळ्या थेट मुठीत घुसतात.

पावसाळा आणि खारी हवा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे सगळ्याला बुरशी येते, धनुष्यही सुटत नाही. वापर झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, स्क्रूंना तेलाचा हात लावा, पण दोरीला तेल लावू नका. दोरीसाठी वेगळं मेण मिळतं, ते बोटाने घासून मुरवायचं, जिथे दोरा गुंडाळलेला आहे तेवढा भाग सोडून. पेटीत बुटांच्या खोक्यात येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. भिंतीच्या खिळ्याला दोरीने टांगू नका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा टेम्पोच्या टपावर ठेवलं तर पात्यांचे थर सुटतात आणि दोरी ताणली जाते, मग सगळी जुळवणी पहिल्यापासून. पावसाळा संपल्यावर पहिला बाण मारण्याआधी कापसाचा बोळा पुन्हा एकदा फिरवा आणि बोल्टवरची पांढरी रेघ जागेवर आहे का पाहा.